ज्यूल व्हर्न आणि कॅप्टन नेमोचा देश

आमच्या गावच्या वाचनालयात बालविभागाचे एकच कपाट होते, आणि त्यात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या होत्या. पाने सुटलेली, मागच्या पुठ्ठ्यावर कुणाकुणाची नावे गिरवलेली, आणि एकदा घरी नेल्या की परत करायचा जीव होत नसे. पाणबुडीतून समुद्राच्या तळाशी हिंडणारा कॅप्टन नेमो मला तिथे भेटला. पुढे कोणीतरी सांगितले, की हा नेमो आपलाच माणूस आहे, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला एक हिंदी राजपुत्र. ते ऐकून छाती फुगली. पण त्याचबरोबर एक प्रश्नही डोक्यात शिरला. हिंदुस्थानात कधी पाऊलही न टाकलेल्या फ्रेंच लेखकाला आपला नायक नेमका बुंदेलखंडात कसा सापडला? कॉलेजात आल्यावर मी व्हर्नचे चरित्र वाचू लागलो ते मुख्यतः या एका प्रश्नासाठी. उत्तर मिळाले. मात्र मला हवे होते तसे ते नव्हते.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्सच्या पश्चिमेकडील नांत या शहरी झाला. ल्वार नदीच्या पात्रातील एका बेटावर त्याचे घर होते. नांत हे मोठे बंदर. तिथल्या कित्येक व्यापाऱ्यांच्या हवेल्या गुलामांच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या. नदीत जहाजांच्या डोलकाठ्यांची दाटी असे. वडील पिएर व्हर्न वकील होते, आणि थोरल्या मुलाने आपली वकिली चालवावी हे घरात जवळजवळ ठरलेलेच होते. धाकटा भाऊ पॉल पुढे खरोखरच दर्यावर्दी झाला. ज्यूलच्या वाट्याला कायद्याची पुस्तके आली. लहानपणी तो ज्या बाईंच्या शाळेत जाई, त्यांचा नवरा जहाजाचा कप्तान होता आणि समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता. तो एक दिवस येईल, या आशेवर त्या बाई वर्षानुवर्षे जगत होत्या. हरवलेला खलाशी आणि त्याची वाट पाहणारी माणसे हा विषय व्हर्नने पुढे पुन्हापुन्हा हाताळला, त्याचे मूळ बहुधा इथे असावे.

त्याच्या लहानपणाची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. अकरा वर्षांचा ज्यूल म्हणे आवडत्या मावसबहिणीसाठी पोवळ्यांची माळ आणायची म्हणून घरातून पळाला, वेस्ट इंडीजला निघालेल्या जहाजावर चढला, आणि वडिलांनी पुढच्याच धक्क्यावर त्याला उतरवून घेतले. गोष्ट इतकी गोड आहे की ती खरी नसावी याचे वाईट वाटते. १९२८ साली त्याच्या नात्यातल्या एका बाईंनी लिहिलेल्या चरित्रामुळे ती जगभर पसरली. पण पुढच्या अभ्यासकांनी तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही. व्हर्नच्या चरित्रात असे बरेच ठिकाणी होते. त्याने स्वतःच १८९८ च्या सुमारास आपली पुष्कळशी खासगी कागदपत्रे जाळून टाकली. चरित्रकारांना वाट दाखवण्याची त्याला मुळीच हौस नव्हती.

१८४८ साली तो कायदा शिकायला पॅरिसला गेला. परीक्षा दिल्या, पदवीही मिळवली, पण मन नाटकांत गुंतलेले. थोरल्या अलेक्झांडर द्यूमाची ओळख झाली आणि त्याच्याच नाट्यगृहात १८५० साली व्हर्नचे एक छोटे पद्यनाट्य रंगभूमीवर आले. वडिलांनी वकिली देऊ केली तेव्हा त्याने नकार कळवला. पुढची दहा-बारा वर्षे मात्र ओढाताणीची गेली. एका नाट्यगृहाचा चिटणीस म्हणून नोकरी, पोटाचे दुखणे, न चाललेली नाटके, आणि वेळ मिळेल तेव्हा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून भूगोल, प्रवासवर्णने, पदार्थविज्ञान असे मिळेल ते वाचणे आणि टिपणे काढणे. ही टिपणांची सवय जन्मभर राहिली. म्हातारपणी त्याच्याजवळ वीस हजारांहून अधिक टिपणे जमली होती. १८५७ च्या जानेवारीत, म्हणजे इकडे उठावाचा वणवा पेटण्याच्या काही महिने आधी, त्याने ऑनोरीन नावाच्या दोन मुली असलेल्या विधवेशी लग्न केले. संसार चालवायचा म्हणून वडिलांकडून पैसे घेऊन तो शेअरबाजारात दलाल झाला. पहाटे उठून लिहायचे आणि नंतर बाजारात जायचे, असा त्याचा क्रम होता.

मग एत्झेल भेटला. व्हर्नच्या आयुष्यातली ही सर्वात मोठी घटना, लग्नापेक्षाही मोठी म्हटली तरी चालेल. पिएर-ज्यूल एत्झेल हा साधासुधा प्रकाशक नव्हता. बाल्झाक आणि ह्यूगो यांची पुस्तके त्याने काढली होती. तो कट्टर प्रजासत्ताकवादी असल्यामुळे १८५१ साली लुई नेपोलियनने सत्ता बळकावली तेव्हा त्याला देश सोडून ब्रुसेल्सला राहावे लागले होते. परत आल्यावर त्याने मुलांसाठी, सगळ्या कुटुंबाने एकत्र वाचावे असे पाक्षिक काढायचे ठरवले. शिक्षण आणि मनोरंजन ही दोन्ही नावे त्याच्या मथळ्यातच होती. १८६३ च्या जानेवारीत त्याने व्हर्नची बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची कादंबरी प्रसिद्ध केली आणि पस्तिशीला आलेला हा दलाल एका रात्रीत लेखक झाला. वर्षाला तीन आणि पुढे दोन खंड देण्याचे करार झाले. भूगर्भाची सफर १८६४ साली, चंद्राची १८६५ साली, सागरतळाची १८६९-७० साली, ऐंशी दिवसांतली पृथ्वीप्रदक्षिणा १८७२ साली. या साऱ्या मालिकेला ‘अद्भुत सफरी’ या अर्थाचे नाव होते आणि व्हर्नच्या हयातीतच तिच्यात पन्नासावर कादंबऱ्या जमा झाल्या.

एत्झेलने व्हर्नला घडवले हे खरे. पण त्याने काय नाकारले तेही पाहायला हवे. पहिल्या यशानंतर लगेच व्हर्नने त्याच्याकडे विसाव्या शतकातील पॅरिसवर एक कादंबरी दिली. काळ १९६० चा. शहरात विजेचे दिवे आहेत, दाबलेल्या हवेवर धावणाऱ्या आगगाड्या आहेत, वायूवर चालणाऱ्या घोड्यावाचूनच्या गाड्या आहेत, मजकुराचे चित्र तारेने दूर पाठवणारे यंत्र आहे. या यंत्रात भविष्यवाणी अशी काही नव्हती. इटालियन संशोधक कासेल्लीचे तसले यंत्र त्याच सुमारास फ्रान्समध्ये आलेले होते. व्हर्नची रीतच ही: आज जे आहे ते उचलायचे, आणि ते सर्वत्र झाले तर काय होईल ते पाहायचे. कादंबरीचा नायक मिशेल हा लॅटिन पद्यरचनेत बक्षीस मिळवलेला मुलगा आहे. बक्षीस-समारंभात लोक त्याला हसतात. पुस्तकांच्या भल्यामोठ्या दुकानात तो ह्यूगोचे पुस्तक मागतो, तर विक्रेत्याला ते नावच ठाऊक नसते. बँकेत त्याला काम जमत नाही, आणि शेवटी कडाक्याच्या थंडीत उपाशी हिंडत तो दफनभूमीतल्या बर्फात कोसळतो.

आपण कला शाखेत आहोत म्हणून असेल, पण व्हर्नच्या साऱ्या लेखनात मला हा मुलगा सर्वात जवळचा वाटला. प्रवेशाच्या वेळी घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी आपल्याला काय काय ऐकवले ते आठवा म्हणजे कळेल. एत्झेलला मात्र ही कादंबरी पसंत पडली नाही. लेखकाचे नाव खराब होईल, हे भविष्य कुणी मानणार नाही, असे त्याचे मत पडले. लेखन म्हणून ती कच्ची आहे हे मलाही मान्य आहे. भाषणे फार आणि माणसे थोडी. पण एत्झेलला नको होती ती मुख्यतः तिच्यातली उदासी. व्हर्नने हस्तलिखित बाजूला ठेवले. १९८९ साली त्याच्या पणतूला ते घरच्या जुन्या तिजोरीत सापडले आणि १९९४ साली छापले गेले. १९६० उलटून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

आता नेमोकडे वळतो. व्हर्नच्या मूळ कल्पनेतला नेमो हिंदी नव्हताच, तो पोलंडचा उमराव होता. १८६३ च्या जानेवारीत पोलंडमध्ये रशियाच्या झारविरुद्ध उठाव झाला आणि तो फार क्रूरपणे मोडून काढण्यात आला. फ्रान्समधल्या लोकांची सहानुभूती पोलिश लोकांकडे होती, व्हर्नचीही होती. ज्याचे सारे कुटुंब रशियनांच्या हातून नष्ट झाले असा माणूस समुद्राच्या पोटात शिरतो आणि शत्रूची जहाजे बुडवतो, हे त्या कादंबरीचे बीज. नेमोच्या सूडाला इतके उघड, इतके ताजे कारण होते. एत्झेल घाबरला. रशियात त्याच्या पुस्तकांना चांगला बाजार होता, आणि झारच्या सरकारला दुखावणे फ्रान्सच्याही सोयीचे नव्हते. शत्रू म्हणून गुलामांचा व्यापार करणारे दाखवा, म्हणजे कुणाचीच हरकत राहणार नाही, असे त्याने सुचवले. ते व्हर्नने मानले नाही. दोघांमध्ये पत्रांतून बरीच झटापट झाली आणि शेवटी तोडगा निघाला तो असा, की नेमोचा देश सांगायचाच नाही. तो कोण, कुठला, कुणावर सूड घेतो, काहीच नाही. लॅटिनमध्ये नेमो या शब्दाचा अर्थच मुळी कुणीही नाही असा आहे.

लहानपणी मला ज्या गूढतेने झपाटले ती अशी एका प्रकाशकाच्या धास्तीतून जन्मली होती. तरी व्हर्नने एक खूण ठेवून दिली. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्याला नेमो शार्कच्या तावडीतून सोडवतो आणि मोत्यांची थैली त्याच्या हाती देतो. नंतर तो सांगतो, की हा माणूस दडपल्या गेलेल्यांच्या देशाचा आहे आणि आपणही मरेपर्यंत त्याच देशाचे राहणार.

१८७४-७५ मध्ये गूढ बेटाची कादंबरी आली आणि तिच्या अखेरीस म्हातारा नेमो आपली कूळकथा सांगतो. तो राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा पुतण्या. (टिपू कुठला, बुंदेलखंड कुठले! आपल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी डोक्याला हात लावला असता.) दहाव्या वर्षी शिक्षणासाठी युरोपात, तिशीत परत, मग १८५७ चा उठाव, अंगावर दहा जखमा, कुटुंबाचा नाश, आणि त्यानंतर समुद्र. रशियाऐवजी इंग्लंड आले, पोलंडऐवजी हिंदुस्थान आले, आणि एत्झेलला या वेळी काही अडचण वाटली नाही. म्हणजे ज्या राजपुत्राबद्दल माझी छाती फुगली होती तो बऱ्याच अंशी एक तडजोड होता. पोलिश उमरावाची जागा रिकामी राहिली, तिथे आपण बसवले गेलो. हे वाचले त्या दिवशी मी ग्रंथालयातून जरा हिरमुसला होऊनच बाहेर पडलो.

व्हर्नच्या हिंदुस्थानचे ज्ञान पुस्तकी होते हे तर पानोपानी दिसते. फिलियस फॉगचा नोकर मुंबईला मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि पुजाऱ्यांचा मार खाऊन अनवाणी पळतो, हा प्रसंग मोठा गमतीचा आहे. पण पुढे आगगाडी मध्येच थांबते, रूळच संपलेले असतात, आणि फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. कथेतला हा प्रवास १८७२ च्या ऑक्टोबरचा. जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग तर १८७० च्या मार्चमध्येच जोडला गेला होता! अर्थात रूळ पुरे असते तर हत्ती कुठून आला असता? सती जाण्यापासून वाचवलेली नायिका औदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी दाखवली आहे. पारशी मुलगी बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाची राणी होऊन सती जाते, हे मुंबईच्या वाचकाने हसण्यावारीच न्यावे.

१८८० साली आलेल्या त्याच्या आणखी एका कादंबरीत वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती दोन चाकांवरचे बंगले ओढत कलकत्त्याहून निघतो. तिची सुरुवात मात्र आपल्या औरंगाबादेत होते. नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस, असा जाहीरनामा तिथे लागला आहे, आणि नानासाहेब वेरूळच्या लेण्यांत आश्रयाला आलेले आहेत. वेरूळ पाहिलेल्या माणसाला ही पाने वाचताना थरार वाटतो, पण तो फार टिकत नाही. कारण इथे नानासाहेब खलनायकच आहेत आणि कथेची सहानुभूती कानपूरच्या हत्याकांडाने जीवनातून उठलेल्या इंग्रज कर्नलकडे आहे. १८५७ च्या दोन्ही बाजूंच्या कत्तलींचा उल्लेख व्हर्न करतो, हे मान्य. पण पाच वर्षांपूर्वी ज्याने डक्कर लिहिला त्यानेच हेही लिहावे, याचा मेळ घालणे कठीण आहे. इंग्रजांच्या साम्राज्यावर तो टीका करतो. अल्जीरियातल्या फ्रेंच साम्राज्याची पाळी आली की त्याचा आवाज मऊ होतो. धूमकेतूवरील सफरीच्या १८७७ च्या कादंबरीत त्याने ज्यू व्यापाऱ्याचे जे चित्र काढले ते तर निखालस ओंगळ आहे. लहानपणीचा आवडता लेखक म्हणून या गोष्टी झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

हिंदुस्थानशी त्याचा आणखी एक संबंध आला आणि तो घरातला होता. १८६१ साली झालेला त्याचा एकुलता एक मुलगा मिशेल फार द्वाड निघाला. जगभरच्या मुलांचा हा लाडका लेखक आपल्या मुलापुढे हरला. १८७६ साली त्याने मिशेलला सुधारगृहात ठेवले, आणि तेही जमेना तेव्हा १८७८ साली हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजावर उमेदवार खलाशी म्हणून चढवून दिले. स्वतः व्हर्नला समुद्राचे केवढे वेड! त्याने एकामागून एक तीन नौका बाळगल्या, १८६७ साली भाऊ पॉलबरोबर ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजातून अमेरिका गाठली आणि नायगरा पाहून आला. ज्या प्रवासाची स्वप्ने त्याने लाखो मुलांना विकली, तोच त्याने मुलाला शिक्षा म्हणून दिला. वाफेच्या हत्तीची कादंबरी याच सुमाराची. तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल, ते जाळलेल्या कागदांबरोबरच गेले.

१८७१ पासून तो बायकोच्या माहेरी, आम्यां शहरी राहत होता. पैसा मुख्यतः नाटकांनी दिला; पृथ्वीप्रदक्षिणेचा नाट्यप्रयोग १८७४ साली पॅरिसला लागला तेव्हा रंगमंचावर खराखुरा हत्ती आणला होता. मग १८८६ साल उजाडले. फेब्रुवारीत त्याने आपली मोठी नौका विकली. ९ मार्चला त्याचा लाडका पुतण्या गास्तों याने वेडाच्या भरात त्याच्यावर पिस्तूल झाडले. एक गोळी पायात घुसली, ती कधीच काढता आली नाही, आणि व्हर्न जन्माचा लंगडा झाला. तो अंथरुणाला खिळलेला असतानाच एत्झेल वारला. पुढच्या वर्षी आई गेली. समुद्र संपला.

यानंतर त्याने जे केले ते मला फार आवडते. १८८८ साली तो आम्यांच्या नगरपालिकेत निवडून आला आणि पंधराएक वर्षे सभासद राहिला. नाट्यगृह, रस्ते, सर्कशीची पक्की इमारत असल्या कामांत चंद्रावर माणसे पाठवणाऱ्या या लेखकाने मन घातले. लेखन पहाटे चालूच होते. फ्रेंच अकादमीने मात्र त्याला कधी आपल्यात घेतले नाही. मुलांसाठी लिहिणारा, एवढ्यावर त्याची बोळवण झाली, आणि ही सल त्याला शेवटपर्यंत राहिली. मधुमेहाने नजर अधू होत गेली. २४ मार्च १९०५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, तो आम्यांत मरण पावला. बापाशी पुढे समेट झालेल्या मिशेलने त्याची उरलेली हस्तलिखिते छापली, पण त्यांत मनाजोगे फेरफार करून, प्रकरणे घालून, पात्रे वाढवून. हे उघड झाले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस.

प्रकाशकाने छाटले, मुलाने वाढवले, आणि मधल्या मध्ये इंग्रजी भाषांतरकारांनीही हात धुऊन घेतला. मर्सिए नावाच्या धर्मोपदेशकाने सागरतळाच्या कादंबरीचा पाचवा हिस्सा तरी गाळून टाकला. गूढ बेटाचे जे जुने भाषांतर किंग्स्टनच्या नावावर आहे त्यात तर डक्करची कूळकथाच बदलली. हिंदुस्थानावरच्या इंग्रजी अंमलाविषयी व्हर्नने लिहिलेली कडक वाक्ये तिथून गेली. आपल्याकडच्या कित्येक वाचकांपर्यंत नेमो पोचला तो या इंग्रजीतून, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तो लढला त्यांच्याच हातून.

नेमोच्या मृत्यूचा प्रसंग मी दोनदा वाचला आहे, एकदा लहानपणी आणि एकदा हे सारे कळल्यानंतर. छापील फ्रेंच पुस्तकात तो देव आणि मायदेश यांची नावे घेऊन प्राण सोडतो. व्हर्नच्या हस्तलिखितात तसे नव्हते. तिथे नेमोच्या तोंडचा अखेरचा शब्द एकच होता, स्वातंत्र्य. तोही एत्झेलने बदलायला लावला. तो शब्द पोलिश उमरावाच्या तोंडचा की बुंदेली राजपुत्राच्या, हे मी पुष्कळ दिवस ठरवू पाहत होतो. आता ते सोडून दिले आहे.

२००१ साली अमेरिकेत या कादंबरीची नवी, न गाळलेली इंग्रजी भाषांतरे निघाली. आपल्या ग्रंथालयात आहे ती प्रत अजून जुन्या भाषांतराचीच. मागणी-वहीत मी नव्या प्रतीची नोंद केली आहे, खाली सहीही केली आहे.